सातची गाडी

आमचं गाव भोकरदन तालुक्यात आहे, पण तालुक्यातल्याही निम्म्या लोकांना ते कुठं आहे हे सांगता यायचं नाही. कुणी गाव विचारलं की आम्ही आधी शेजारच्या मोठ्या गावाचं नाव घ्यायचो आणि मग म्हणायचो, त्याच्या पलीकडं, नदी ओलांडून. माझं लग्न व्हायच्या सुमाराला गावात शंभराच्या आतबाहेर घरं असतील. जालना-भोकरदन रस्त्यावरच्या फाट्यापासून गाव चार-साडेचार किलोमीटर. मधे नदी, नदीवर पूल नाही, आणि नदीच्या दोन्ही अंगांना काळी माती. उन्हाळ्यात ट्रॅक्टर, जीप, काहीही यायचं. मृग लागला की पुढं दिवाळीपर्यंत माणूस फक्त पायी. चप्पल पायात ठेवली तर चिखलात जायची, म्हणून ती हातात घ्यायची.

रस्त्याचा अर्ज घेऊन गावातली माणसं तालुक्याला जायची, जिल्ह्याला जायची, आणि परत येऊन पारावर एकच सांगायची, आपली लोकसंख्या बसत नाही. म्हणजे ज्या गावांना रस्ता आधी मिळतो त्या यादीत बसण्याइतके आपण नाही. बसचं विचारलं तर उत्तर यायचं, आधी रस्ता होऊ द्या. त्यामुळं ज्याला जमेल तो उठून जात होता. कुणी जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात लागला, कुणी भोकरदनला खोली घेतली. दरसाल दोन-तीन घरांना कुलूप लागायचं आणि पुढच्या अर्जाच्या वेळी आम्ही आणखी थोडे व्हायचो.

मीही एमआयडीसीतच होतो, बियाण्याच्या कारखान्यात. मोटारसायकलनं रोज जाऊन-येऊन करायचो. पावसाळ्यात गाडी फाट्यावरच्या चहाच्या टपरीमागं लावायची आणि पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून घर गाठायचं. नोकरी होती, थोडी शेती होती, व्यसन नव्हतं, तरी लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे यायचे, घर बघायचे, चहा प्यायचे, आणि जाताना नदीपाशी जीप थांबवून खाली उतरायचे. पात्रात इकडं-तिकडं बघायचे. मग त्यांचा निरोप यायचाच नाही. एकानं मात्र तोंडावर सांगितलं होतं, पोरगी द्यायला हरकत नाही, पण पोरीला भेटायला यायचं कसं?

वडील मी दहावीत असतानाच गेले होते. घरातलं लहानमोठं सगळं काका बघायचे. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. बोलायला मोकळे, कामाला वाघ, आणि गावात त्यांच्या शब्दाला मान. माझं लग्न हे त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. भोकरदनच्या पलीकडच्या एका गावातलं स्थळ आलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, या खेपेला नदी आडवी येऊ द्यायची न्हाई.

मुलीचे वडील शाळेत शिपाई होते. मुलगी बारावी झालेली. तिला दोन स्थळं सांगून आलेली होती, एक आमचं आणि एक संभाजीनगरकडच्या चांगल्या खात्यापित्या घरचं. वडिलांना गुडघ्यांचा त्रास होता. त्यांची अट एकच होती, मुलगी अशा ठिकाणी द्यायची की बसनं उठून गेलं आणि सांजच्याला परत आलं. काकांनी हे मध्यस्थाकडून काढून घेतलं होतं.

घर बघायला यायचा दिवस काकांनी मुद्दाम ठरवला. त्याच दिवशी गावातल्या दुसऱ्या एका घरचं वऱ्हाड निघायचं होतं आणि त्यांनी लग्नासाठी एसटीची गाडी ठरवली होती. काकांनी आदल्या दोन दिवसांत ट्रॅक्टरला फळी लावून नदीपासून गावापर्यंतची वाट सपाट करून घेतली, खड्ड्यांत मुरूम टाकला. मग वऱ्हाडवाल्यांना जाऊन सांगितलं, पाव्हणे जाईपर्यंत तुम्ही गल्लीतच थांबा. लहान गावाचं हे एक असतं, एका माणसानं सांगितलं की सगळ्यांना कळतं आणि कुणी मोडत नाही. त्या घरचा नवरदेव बाशिंग बांधून ओट्यावर बसून राहिला. त्यांचं लग्न माझ्यामुळं उशिरा लागलं.

गाडी सकाळीच आली आणि मारुतीच्या पारासमोर उभी राहिली. ड्रायव्हर चहा पिऊन लिंबाखाली आडवा झाला. काचेमागं पाटी होती, ‘प्रासंगिक करार’. काका पाटीकडं बघत म्हणाले, एवढंच खटकून राह्यलं. त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही. हे मी आता लिहितो, कारण पुढची बरीच वर्षं मी वेगळंच सांगत आलो. काका घराकडं गेले आणि मी गाडीत चढलो. ड्रायव्हरच्या सीटमागं पाट्यांचा गठ्ठा असतो हे मला कॉलेजच्या दिवसांपासून ठाऊक होतं. त्यातली ‘जालना’ पाटी काढली, काचेमागं लावली आणि दुसरी सीटखाली सरकवली. खाली उतरलो तेव्हा हात धुळीनं काळे झाले होते. ते पारावरच्या रांजणातल्या पाण्यानं धुतले आणि घरी जाऊन नवा शर्ट घातला.

पाहुणे जीपनं आले. पारापाशी उतरले. मुलीच्या वडिलांनी एका हातानं गुडघा दाबत गाडीकडं बघितलं आणि ते पहिल्यांदा हसले. गाडी गावात येते म्हणायचं, असं ते म्हणाले. काका म्हणाले, येती की, सकाळी सातला एक आन् सांजच्याला एक. त्या वेळी सात केव्हाच वाजून गेले होते. ही गाडी अजून इथं कशी, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. माणूस ज्या गोष्टीची वाट बघत असतो ती समोर दिसली की फार चौकशी करत नाही. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मला एवढंच म्हणायचं होतं की मामा, ही लग्नाची गाडी आहे. मी म्हणालो, चला, घर दाखवतो.

लग्न वैशाखात झालं. वरात दोन जीपगाड्यांतून नदीच्या कोरड्या पात्रातून आली. कुणाला काही कळलं नाही.

आठ-दहा दिवसांनी बायकोला भोकरदनला जायचं होतं. कॉलेजातून दाखला आणि गुणपत्रिका आणायची होती. तिला पुढं शिकायचं होतं, बाहेरून का होईना, आणि मी हो म्हटलं होतं. संध्याकाळी जेवताना तिनं विचारलं, "सातची गाडी बराबर सातलाच येते का मागंपुढं होते?"

आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले आणि परत चालू झाले. मी म्हणालो, "सातच्या सुमाराला."

असं का म्हणालो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उद्या सकाळी सांगू, एकटी असताना सांगू, असं काहीतरी मनात असावं. सकाळी उठलो तर ती आवरून तयार होती. पिवळी साडी, हातात प्लास्टिकची फाइल. मला त्या दिवशी दुपारची पाळी होती. मी म्हणालो, गोठ्यातलं बघून येतो, आणि गोठ्यात जाऊन बसलो.

आमच्या गोठ्यातून पार दिसायचा. ती पारापाशी जाऊन उभी राहिली. शेताला जाणारे लोक तिच्यासमोरून गेले. एरवी नव्या सुनेला कुणीतरी काही विचारतंच, कुठं निघालीस बाई, माहेरी का. त्या दिवशी कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं ती कशाची वाट बघते आहे. दोघं-तिघं तर तिला बघून मागच्या वाटेनं गेले. माणसं मान खाली घालून जात होती आणि ती प्रत्येकाकडं बघून पदर सावरत होती. एकदा ती गाडीवाटेच्या वळणापर्यंत जाऊन बघून आली. ऊन वर आलं तशी ती पाराच्या सावलीत सरकली. मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. पन्नास पावलं टाकली असती तर तिच्यापाशी पोचलो असतो.

शेवटी शेजारची म्हातारी काठी टेकत तिच्याजवळ गेली. ती काय बोलली हे मला त्या वेळी ऐकू आलं नाही, नंतर कळलं. ती म्हणाली, "जाय बाई घरी. हितं गाडी न्हाई येत. कवाच आली न्हाई."

बायको घरी आली नाही. तिनं फाइल छातीशी धरली आणि फाट्याच्या वाटेला लागली. मी मोटारसायकल काढून मागं गेलो तेव्हा ती नदीच्या पात्रात पोचली होती. म्हणालो, बस. ती बसली नाही. मी गाडी हळूहळू तिच्या मागं चालवत राहिलो, पहिल्या गियरमध्ये, वाळूत पाय टेकत. फाट्यावर भोकरदनकडं जाणारी जीप आली. ती चढली आणि गेली. टपरीवाल्यानं मला विचारलं, भांडण झालं का? मी हसलो.

ती संध्याकाळी परत आली, तशीच चालत. मी त्या दिवशी कामावर गेलो नव्हतो. मला वाटलं होतं ती रडेल किंवा आईला बोलेल. तिनं पाय धुतले, फाइल पेटीत ठेवली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हाला सकाळीच सांगता आलं असतं," ती म्हणाली.

"काकांनी केलं हे सगळं," मी म्हणालो. "ती लग्नाची गाडी व्हती. पाटीसुद्धा त्यांनीच बदलली. मला कळलं तवर बोलणी होऊन गेल्ती."

ती म्हणाली, "बरं." तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. नव्या नवरीला कुणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो, आणि घरात ती माझ्याच भरवशावर आली होती. त्या दिवसापासून ती काकांशी जेवढ्यास तेवढं बोलू लागली. त्यांच्यासमोर पदर घ्यायची, पाणी द्यायची, पण त्यांच्या घरी पाटावर बसून जेवली नाही. सणाला बोलावलं की उपास आहे म्हणायची. काकू विचारायची, हिला आमचं काय खुपतं? मी म्हणायचो, स्वभावच तसा आहे.

पंचमीला माझे सासरे तिला न्यायला आले. येतो म्हणून आधी कळवलं नव्हतं. बसनं फाट्यावर उतरले आणि गावात जाणाऱ्या गाडीची चौकशी केली. टपरीवरची माणसं हसली. मग ते चालत निघाले. नदीला गुडघाभर पाणी होतं. ते घरी पोचले तेव्हा धोतर मांडीपर्यंत चिखलानं माखलेलं होतं आणि हातात एकच चप्पल होती. दुसरी चिखलात राहिली होती. लेकीनं पाणी आणून दिलं. ती त्यांचे पाय धुवायला खाली बसली तर त्यांनी तिला उठवलं आणि स्वतः धुतले. आईनं पुरणाचे दिंड केले होते. ते जेवले, चांगले झालेत म्हणाले, आईशी पिकापाण्याचं बोलले. गाडीबद्दल एक शब्द काढला नाही.

निघायच्या आधी बायको आत पिशवी भरत होती तेव्हा ते ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले.

"जावई, ती गाडी कशाची व्हती त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. काकांचं नाव घेऊनच सांगितलं. एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलायला सोपं जातं. उलट या खेपेला मी थोडी भरही घातली. म्हणालो, मी काकांना नको म्हणत होतो, पण मोठ्या माणसापुढं काय बोलणार.

ते मान हलवत ऐकत होते. म्हणाले, "मला लई काय नको व्हतं. दुसरं स्थळ बरं व्हतं, पण लांब पडत व्हतं. म्हटलं, हितं गाडीत बसलं की आपण लेकीच्या दारात. म्हणून दिली." मग म्हणाले, "तुमचा दोष न्हाई. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना फाट्यापर्यंत सोडायला मी बरोबर गेलो. नदीत त्यांना हात दिला. त्यांच्या पायात माझी जुनी चप्पल होती, एक नंबर मोठी. ती फटफट वाजत होती. पुढं ते आमच्याकडं दोनदाच आले, दोन्ही वेळा उन्हाळ्यात.

पाच-सहा वर्षं गेली. आम्हाला मुलगी झाली. आई गेली. बायकोनं बाहेरून बीए केलं, अभ्यास चुलीपाशी बसून केला. रस्ता झाला नव्हता. काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, लग्नाचा झाला होता. मुलगा चांगला, पण आता पूर्वीपेक्षाही अवघड झालं होतं. मुलीकडचे फोनवरच विचारायचे, गाव रस्त्यावर आहे का आत? आत म्हटलं की विषय संपला. एक स्थळ कसंबसं घर बघायला आलं. दिवस उन्हाळ्याचे होते. काकांनी या वेळी गाडी आणली नव्हती, पण रस्ता मंजूर झालाय, काम चालू व्हायचंय, बस तर येतेच, असं ते पाहुण्यांना सांगत होते. मी त्यांच्या शेजारी बसून मान डोलावत होतो.

पाहुण्यांबरोबर मुलीची आई आणि मावशी आली होती. त्या बायकांत आत गेल्या. काकूनं चहाला मदत म्हणून माझ्या बायकोला बोलावून घेतलं होतं. मुलीच्या आईनं तिलाच विचारलं, कारण तीही बाहेरून आलेली सून होती. गाडी येती का वो गावात?

मी दाराशी कपांचं ताट घ्यायला गेलो होतो. मला तिचं उत्तर ऐकू आलं.

"न्हाई येत," ती म्हणाली. "फाट्यापसून चालत यावं लागतं. पावसाळ्यात जीपबी येत न्हाई. पोरगा चांगला आहे, घरबी चांगलं आहे. पण हे ठाऊक असू द्या."

काकूचा चेहरा उतरला. मुलीच्या आईनं चहा संपवला. पाहुणे गेले आणि दोन दिवसांनी मध्यस्थाकडून नकार आला.

त्या संध्याकाळी काकांच्या अंगणात आम्ही सगळे जमलो. शेजारपाजारचेही होते. काकू रडत होती. चुलतभाऊ भिंतीला टेकून खाली बघत होता. काका बाजेवर बसले होते. लोक माझ्याकडं बघत होते, बायको माझी म्हणून. कुणीतरी म्हणालं, घरच्याच माणसानं असं केल्यावर काय करावं. मला ते सहन झालं नाही. मी तिला हाक मारून बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला कुणी विचारलं व्हतं? काकांच्या पाया पड."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या कडेवर मुलगी होती. तिनं मुलीला खाली उभं केलं, पुढं गेली आणि वाकली. काकांनी पाय बाजेवर ओढून घेतले आणि "राहू दे, राहू दे," म्हणाले. मला वाटलं ते रागात आहेत. ती मुलीला उचलून घरी निघून गेली. मी तिथंच थांबलो, लोकांनी मला बरं म्हणावं म्हणून. आणि म्हणालेही. एकानं पाठीवर हात ठेवला.

घरी आलो तर तिनं माझं ताट वाढून ठेवलं होतं. मी जेवलो. त्या प्रसंगावर ती पुढं कधी बोलली नाही. मी माफी मागितली नाही. मागायची तर कशाकशाची मागायची, हा प्रश्न होता, आणि एक धागा ओढला की सगळंच उसवणार होतं.

वर्षभरातच आम्ही जालन्याला आलो. मस्तगडला एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. बायकोला एका खाजगी बालवाडीत काम मिळालं. आमच्याही घराला कुलूप लागलं. आम्ही निघालो त्या सकाळी काका ट्रॅक्टर घेऊन आले आणि सामान फाट्यापर्यंत सोडलं. बायको फाट्यावर जालन्याच्या जीपमध्ये बसली होती. काकांनी जाऊन मुलीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि बायकोला म्हणाले, येत जा. ती हो म्हणाली.

रस्ता झाला तो त्यानंतर. नदीवर पूल झाला, डांबर पडलं. आज एमआयडीसीतून पाऊण-एक तासात गाव येतं. पण आता गावात निम्मीही घरं उघडी नाहीत, आणि जी आहेत त्यांच्या दारात मोटारसायकल आहे. बस अजून येत नाही. आता म्हणे प्रवासी मिळायचे नाहीत. माझ्या चुलतभावाचं लग्न झालं नाही. तो एमआयडीसीत टेम्पो चालवतो, आठवड्याला घरी जातो. पस्तिशी ओलांडली. त्याला बघितलं की मला कळत नाही बायकोनं केलं ते बरं केलं का. आम्ही खोटं बोलून माझं लग्न केलं आणि माझा संसार उभा राहिला. ती खरं बोलली आणि त्याचा व्हायचाच राहिला. या हिशेबात मला तोंड वर करून बोलायला जागाच नाही.

गेल्या हिवाळ्यात काका शेतात पडले. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी आणि बायको गावाला गेलो. ती आमच्या बंद घराची झाडलोट करायला थांबली, मी एकटाच काकांकडं गेलो. ते खाटेवर होते. बारीक झाले होते. काकू पाणी आणायला गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "सुनबाई न्हाई आली?"

मी म्हणालो, घर झाडून राह्यली.

ते छताकडं बघत म्हणाले, "तू तिला अजून सांगितलं न्हाईस."

मी त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. ते म्हणाले, तुझ्या सासऱ्यांनी मला त्याच साली भोकरदनच्या बाजारात गाठलं होतं, सगळं बोलून दाखवलं. काकांनी ते मुकाट ऐकून घेतलं होतं. पाटी त्यांनीच बदलली, हेही ऐकून घेतलं होतं.

"तवा तुम्ही का सांगितलं न्हाई?" मी विचारलं.

"तुझा संसार नवा व्हता," काका म्हणाले. "आन् गाडीची आयडिया तर माझीच व्हती. मंग पाटी कुणी का लावंना." मग म्हणाले, "पण आता सांग तिला. मी हाये तवर सांग."

त्या अंगणात तिला वाकायला लावलं तेव्हा त्यांनी पाय का ओढून घेतले, ते मला त्या खाटेशेजारी बसून कळलं.

परत येताना बायको मागं बसली होती. नवा रस्ता, दोन्ही बाजूंनी तूर. पूल ओलांडल्यावर मी गाडी चालवतच सांगायला सुरुवात केली, कारण समोर बघत बोलणं सोपं जात होतं. पाटी मी बदलली. काकांनी सांगितलंसुद्धा नव्हतं. गोठ्यात होतो, तुला उभं असलेलं बघत होतो. तुझ्या वडिलांनाही खोटं सांगितलं. सगळं सांगून झालं तेव्हा फाटा जवळ आला होता.

"थांबवा," ती म्हणाली.

मी गाडी कडेला घेतली. ती उतरली. म्हणाली, "माझे वडील मरेपर्यंत काकांना नावं ठेवत गेले." मग म्हणाली, "मी पंधरा-सोळा वर्षं त्यांच्या घरचं पाणी पिले न्हाई." ती हे मला सांगत होती का स्वतःला, ते मला कळलं नाही. मी म्हणालो, माझं चुकलं. ते शब्द इतके लहान वाटले की पुढं काही जोडायची हिंमत झाली नाही. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून बराच वेळ शेताकडं बघत होती. दोन-तीन मोटारसायकली गेल्या, ओळखीच्यांनी हात केला. मग ती येऊन बसली, मधे पिशवी ठेवून.

पुढच्या रविवारी ती सकाळी लवकर उठली. गूळ-तीळ घालून लाडू केले, डब्यात भरले, आणि गावाला जाते म्हणाली. मी गाडीची किल्ली घेतली. ती म्हणाली, "तुम्ही नका येऊ." बसस्टँडवरून बसनं फाट्यापर्यंत आणि तिथून कुणाच्या तरी मागं बसून ती काकांकडं गेली. दिवसभर राहिली. काकू नंतर फोनवर मला म्हणाली की तिनं काकांना हातानं जेवू घातलं, आणि स्वतः त्यांच्या खाटेजवळ पाट घेऊन जेवली. दोघं काय बोलले ते काकूला ठाऊक नाही. मलाही नाही.

मी त्या दिवशी घरी मुलीसाठी खिचडी केली. ती आता नववीत आहे, सगळं कळतं तिला. जेवताना तिनं विचारलं, आज्याला बघायला आई एकटीच का गेली, तुम्ही का नाही गेलात?

मी म्हणालो, मला नको म्हणाली. का, ते तिनं विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.